अणुवीज हवी आहे, म्हणूनच दारे उघडा

मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा आयोग,
अणुशक्ती भवन, मुंबई यांस,



आपल्या कार्यालयात अणुऊर्जेला विरोध करणारी पत्रे पुष्कळ येत असतील. हे पत्र अणुऊर्जेच्या बाजूने आहे. कोळशाच्या विळख्यातून जगाला आणि भारताला वेळेत बाहेर पडायचे असेल, तर सौर आणि पवनऊर्जेच्या जोडीला अणुवीज लागणारच, अशी माझी खात्री आहे. ती खात्री आहे म्हणूनच आपल्या अणुऊर्जा खात्याच्या कारभारातली एक गोष्ट फार डाचते. ती चारचौघांत मांडली जावी, तिच्यावर उघड चर्चा व्हावी, म्हणून हे खुले पत्र.

वेळही तशीच आहे. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुवीजक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले आणि लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये ठेवले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा, दोन्ही इतिहासजमा झाले आणि होमी भाभांच्या काळापासून सरकारकडेच असलेले हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. पैसा, कायदा आणि राजकीय पाठबळ एकाच वेळी हाताशी असण्याचे दिवस खात्याने क्वचितच पाहिले असतील. मात्र असाच एक भर २०१०मध्येही आला होता. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला जैतापूरचा अणुवीज प्रकल्प आला आणि इतक्या वर्षांत तिथून एक युनिटही वीज निघालेली नाही. हे पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आधी अणुवीज का हवी, हे स्पष्ट सांगायला हवे. कारण खात्याच्या जाहिरातींत ते ‘स्वच्छ ऊर्जा’ अशा दोन शब्दांत उरकले जाते आणि लोकांच्या मनावर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

पाचशे मेगावॅटचा कोळशाचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला, तर साधारण एक कोटी वीस लाख युनिट वीज देतो. त्यासाठी साडेसात हजार टनांच्या घरात कोळसा जळतो. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींच्या दोन मालगाड्या भरतील एवढा हा कोळसा, आणि तो फक्त एका दिवसाचा. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा राखेचाच असतो, म्हणजे रोज अडीच हजार टन राख कुठेतरी टाकायची. शिवाय धुराड्यातून अकरा-बारा हजार टन कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो, तो वेगळाच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात असे पाचशे मेगावॅटचे पाच आणि २१० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिकजवळचे एकलहरे यांची भर त्यात घाला, म्हणजे महाराष्ट्राच्या दिव्यांमागे काय जळते ते कळते.

आता गुजरातेतल्या काक्रापारकडे पाहा. तिथले ७०० मेगावॅटचे दोन संच भारतीय अभियंत्यांनी आराखड्यापासून उभे केले. पहिला २०२३मध्ये आणि दुसरा २०२४मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. अशा एका संचाला दिवसाला तीनशे किलोच्या आसपास युरेनियम लागते. युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या गोळ्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत भरतात आणि अशा ३७ नळ्या एकत्र जोडून अर्धा मीटर लांबीचे एक बंडल तयार होते. भट्टी बंद न करता यंत्र एका टोकाने नवे बंडल आत सरकवते आणि दुसऱ्या टोकाने वापरलेले बाहेर काढते. दिवसाची पंधरा-सोळा बंडले पुरतात. एका छोट्या टेम्पोत मावेल एवढे हे इंधन, आणि वीज मात्र पाचशेच्या कोळसा संचाहून अधिक. खाणीपासून भट्टी मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरून आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०१४मध्ये दिलेला मध्यम अंदाज असा, की अणुविजेच्या एका युनिटमागे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. १९७३च्या तेलसंकटानंतर फ्रान्सचे पंतप्रधान पियेर मेस्मेर यांनी १९७४मध्ये अणुवीज कार्यक्रम जाहीर केला. पुढच्या पंधराएक वर्षांत त्या देशाने पन्नासच्या आसपास अणुभट्ट्या बांधल्या. त्या वेळी हवामानबदलाची चर्चा कुणाच्या तोंडी नव्हती. फ्रान्सला परक्या तेलापासून सुटका हवी होती. पण आज फ्रान्सच्या विजेच्या एका युनिटमागे पन्नास ग्रॅमांच्या आत कार्बन डायऑक्साइड निघतो. भारतात हा आकडा सातशे ग्रॅमांच्या वर आहे. जर्मनीने उलटा क्रम निवडला. पवन आणि सौरऊर्जेत त्या देशाने केलेले काम थोर आहे, पण १५ एप्रिल २०२३ रोजी उरलेल्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, त्या दिवशी त्याची कोळशाची केंद्रे चालूच होती आणि कोळसा सोडण्याची अंतिम मुदत २०३८ची आहे. तापत्या जगात आधी कोळसा जायला हवा होता.

जगातली सुमारे नऊ टक्के वीज आज अणूपासून येते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर हा वाटा सतरा टक्क्यांच्या वर होता. मागच्या अर्धशतकात अणुविजेमुळे साठ अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळला, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१९मध्ये म्हटले होते. डिसेंबर २०२३मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५०पर्यंत जगाची अणुवीजक्षमता तिप्पट करण्याचा संकल्प सोडला. त्यावर भारताची सही नव्हती, तरी देशातले नवे उद्दिष्ट त्या संकल्पाच्याही पुढे जाणारे आहे.

‘सूर्य फुकट असताना हा खटाटोप कशाला?’ असे विचारणाऱ्यांना हिणवून चालणार नाही, कारण प्रश्न रास्त आहे. सौर विजेइतकी स्वस्त वीज आज दुसरी नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतकऱ्याला दिवसा पाणी देण्याची सोय होत असेल, तर रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या वाटेवर पंप चालू करायला जाणाऱ्या माणसासाठी ती मोठीच गोष्ट आहे. पण दिवस मावळल्यावर इचलकरंजी-भिवंडीचे माग थांबत नाहीत, इस्पितळे थांबत नाहीत, नवी मुंबईतली डेटा सेंटर तर क्षणभरही थांबत नाहीत. आणि जून ते सप्टेंबर महाराष्ट्रावर ढग असतात. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, त्या संध्याकाळचे चार-सहा तास निभावून नेतील. मात्र सलग आठवडाभर झाकोळलेले आभाळ, वारा पडलेला आणि वर पोलाद, सिमेंट, रेल्वे, मोटारी असे सगळेच विजेवर आणायचे, या गणितात रात्रंदिवस एकसारखी चालणारी वीज कुठून तरी यावीच लागते. आज ती कोळशाकडून येते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, तेव्हाही मुख्य भार कोळशानेच वाहिला. सौरऊर्जा आणि अणुऊर्जा यांचा झगडा लावून देण्यात दोन्हींचे नुकसान आणि फायदा फक्त कोळशाचा.

इथवर आपण माझ्याशी सहमत असाल. आता पुढचे.

भारताच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. २०२४-२५ या वर्षात अणुवीज केंद्रांनी सुमारे ५६७० कोटी युनिट वीज दिली. तारापूरचे पहिले दोन संच १९६९मध्ये सुरू झाले, तेव्हापासून २०२५पर्यंतच्या छप्पन्न वर्षांत देशाने उभारलेली क्षमता नऊ गिगावॅटच्याही आत होती. २०४७पर्यंत १०० गिगावॅट गाठायचे तर दरवर्षी चार गिगावॅटहून अधिक, म्हणजे ७०० मेगावॅटचे सहा संच सुरू व्हायला हवेत, तेही न चुकता. खात्याने २०२०पर्यंत २० हजार मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही. या उशिराची कारणे विचारली की युरेनियमची टंचाई, १९७४ आणि १९९८च्या अणुचाचण्यांनंतरचे निर्बंध, भूसंपादन आणि लोकांचा विरोध अशी यादी पुढे येते. पहिली दोन कारणे खरीच होती. २००८च्या अणुकरारानंतर त्यांची धार पुष्कळ कमी झाली. राहिला लोकांचा विरोध. त्याला खात्यात अज्ञान समजले जाते. मला मात्र त्याचे मूळ खात्याच्या वागण्यात दिसते.

राजापूर तालुक्यातल्या माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरलीवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन जैतापूर प्रकल्पासाठी घेतली गेली. फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या ईपीआर जातीच्या, १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. जगातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र तिथे व्हायचे होते. २०१०च्या नोव्हेंबरअखेर ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी भारतात असताना करार झाले. पाहुण्यांच्या दौऱ्याआधी मंजुरी उरकली, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळले.

सरकारी कागदांत ती जमीन पडीक होती. कोकणचा सडा ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की जांभ्याच्या त्या कातळावर पावसाळ्यात गवत उठते, गुरे चरतात, खोलगट जागी भात-नाचणी होते आणि कडेने आंब्या-काजूची कलमे उभी असतात. ज्याच्या पोटाला ती जमीन घालते, त्याला ‘पडीक’ म्हणून सांगितल्यावर पुढचे काहीच त्याच्या कानात शिरत नाही. खाडीपलीकडच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचे दुखणे आणखी वेगळे होते. त्यांची जमीन जात नव्हती, म्हणून भरपाईच्या यादीत ते कुठेच नव्हते. पण भट्ट्या थंड करून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी हलली तर त्यांचे काय, याचे त्यांना पटेल असे उत्तर कुणी दिले नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली आणि महिनाभराने, १८ एप्रिलला, नाटे इथे प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर सरकारने भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली, अनेकांनी ती घेतलीही. पण भरपाईने जमीन मिळते, मने मिळत नाहीत.

याच काळात संयुक्त अरब अमिरातीने दक्षिण कोरियाच्या साहाय्याने बराका इथे चार भट्ट्या बांधल्या. २०१२मध्ये काम सुरू झाले, २०२४मध्ये चौथी भट्टी चालू झाली आणि देशाची चौथाई वीज तिथून येऊ लागली. ‘तिथे लोकशाही नाही’ असे आपण म्हणाल. मान्य. मग लोकशाहीतले उदाहरण घेऊ.

फिनलंडच्या अणुऊर्जा कायद्यात एक तरतूद आहे: ज्या गावाच्या हद्दीत अणुप्रकल्प व्हायचा, त्या गावच्या परिषदेने ‘नाही’ म्हटले, तर प्रकल्प होत नाही. सरकारलाही तो नकार डावलता येत नाही. अशा देशात अणुऊर्जा कधीच उभी राहिली नसती, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात फिनलंडमध्ये एक तृतीयांशाहून अधिक वीज अणूची आहे. आणि जगात जी गोष्ट कुठल्याच देशाला जमली नव्हती, म्हणजे वापरलेले इंधन कायमचे पुरण्यासाठी जागा, ती फिनलंडने शोधली. ओल्किलुओतो बेटावर चारशे मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षे जुन्या खडकात ‘ओंकालो’ ही बोगद्यांची रचना खोदली गेली. एउरायोकी गावच्या परिषदेने २०००मध्ये मतदान करून तिला होकार दिला होता. नकाराचा हक्क हातात असलेल्या माणसाने होकार दिला की तो टिकतो. जैतापूरला होकार विचारलाच गेला नाही, म्हणून नकार अजून टिकून आहे.

फिनलंडचेही सगळे आलबेल नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथली ओल्किलुओतो-३ ही भट्टी जैतापूरसाठी ठरवलेल्या त्याच ईपीआर जातीची. २००५मध्ये काम सुरू झाले आणि नियमित वीज द्यायला २०२३ साल उजाडले. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल-३चे काम २००७च्या डिसेंबरात सुरू झाले, ती ग्रिडला जोडली गेली २०२४च्या डिसेंबरात. ३३० कोटी युरोंचा अंदाज १३२० कोटींवर गेला. अमेरिकेतल्या व्होगलच्या दोन भट्ट्यांची, जात वेगळी असली तरी, कथा हीच. म्हणजे अणुवीज महाग पडते ती बहुतेक वेळा नव्या, अवाढव्य आणि पहिल्यांदाच बांधल्या जाणाऱ्या आराखड्यांमुळे. फ्रान्सने पूर्वी स्वस्तात बांधल्या, कारण एकच आराखडा पुन्हा पुन्हा बांधला आणि दर वेळी हात बसत गेला.

महागड्या विजेच्या बाबतीत महाराष्ट्राला अद्दल घडलेली आहे. दाभोळमध्ये एनरॉन ही वीज कंपनी आली, तेव्हाही परक्या कंपनीची वीज, दराबद्दल कुजबुज आणि ‘विकासाला विरोध करू नका’ असा दम, हे सगळे होते. १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१मध्ये बंद पडला, कारण ती वीज घेणे राज्य वीज मंडळाला परवडेना. माधव गोडबोले समितीने त्या व्यवहाराची चिरफाड केली, पण तोवर भुर्दंड बसून गेला होता. अरेवाची जागा घेतलेल्या फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने जैतापूरसाठी २०२१मध्ये आपला प्रस्ताव दिला आहे. तिथल्या विजेचा दर काय पडणार, हे आजही आम्हा ग्राहकांसमोर मांडलेले नाही. याउलट ७०० मेगावॅटच्या दहा स्वदेशी संचांना २०१७मध्ये मंजुरी मिळाली ती १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या खर्चाला, म्हणजे मेगावॅटला पंधरा कोटींच्या हिशेबाने. तो आकडा सर्वांसमोर आहे, त्यावर वाद घालता येतो, चुकला तर जाब विचारता येतो.

आता सुरक्षिततेकडे वळू. अणुऊर्जेची भीती लोकांना वाटते, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. तिला आकड्यांनी उत्तर आहे: चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही, दर शंभर कोटी युनिटांमागे अणुविजेने होणारे मृत्यू कोळशाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी आहेत, कारण कोळशाचे मृत्यू रोज, हवेतून, गाजावाजा न करता होतात. पण आकडे ऐकवून भीती जात नाही. ती जाते चुकांबद्दल मोकळेपणाने बोलल्याने.

याचे एक उदाहरण आपल्याच खात्यात आहे. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन बाहेर पडून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्राचीच वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर भरला. तेव्हा काही कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होण्याचा धोका राहू नये. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांच्या पाण्याने भट्टी थंड ठेवली गेली. किरणोत्सार बाहेर पडला नाही, कुणी दगावले नाही. त्या माणसांची नावे देशाला पाठ असायला हवी होती. आणि पाती का तुटली, केबली एकत्र का जळाल्या, नंतर काय बदलले, हेही शाळा-कॉलेजांत शिकवले जायला हवे होते. १९६२च्या कायद्याच्या अठराव्या कलमाने माहिती रोखण्याची मुभा दिली आणि गप्प राहणे हा खात्याचा स्वभाव होऊन बसला. त्यामुळे नरोऱ्यातले शौर्यही झाकले गेले आणि धडाही. झाकलेल्या धड्याच्या जागी अफवा येऊन बसतात, आणि अफवेला ‘सर्व काही सुरक्षित आहे’ एवढ्या एका ओळीच्या खुलाशाने उत्तर देता येत नाही.

नियामकाचेही तसेच. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३मध्ये स्थापन झाले, पण ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिले आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचे सचिव. भट्ट्या चालवणारे आणि भट्ट्या तपासणारे एकाच छपराखाली. २०१२मध्ये महालेखापरीक्षकांनी यावर कडक ताशेरे ओढले. ‘शांती’ कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. परंतु कायद्यातला दर्जा आणि अंगी बाणलेले स्वातंत्र्य यांत अंतर असते. ते अंतर भरून काढणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

याच कायद्याने यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या दोषाबद्दल तिच्याकडून भरपाई वसूल करण्याची २०१०ची तरतूद काढून टाकली. भोपाळची वायुदुर्घटना ज्या देशात घडली, तिथे ती तरतूद उगाच आलेली नव्हती. मोठ्यात मोठ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारी ३ हजार कोटी रुपयांवर थांबते. फुकुशिमानंतर तिथल्या कंपनीने दिलेल्या भरपाईचा आकडा दहा लाख कोटी येनच्या पुढे गेला आहे, म्हणजे पाच लाख कोटी रुपयांहून अधिक. तीन हजार कोटींच्या वरची भरपाई सरकारकडून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून येणार असेल, तर त्याच करदात्याला भट्टीबद्दलचा प्रत्येक कागद पाहण्याचा हक्क हवा. खासगी कंपन्या या क्षेत्रात येणार म्हटल्यावर तर तो दुप्पट हवा.

म्हणून, अध्यक्ष महोदय, माझ्या मागण्या अशा.

पहिली, तारापूरची. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. नव्या कोणत्याही गावात पाऊल ठेवण्याआधी त्या लोकांचे शिल्लक राहिलेले काय आहे ते त्यांच्यासमोर बसून मोजा आणि चुकते करा. देशातला पहिला अणुवीज प्रकल्प ज्या तालुक्यात झाला, तिथले प्रकल्पग्रस्त खात्याबद्दल चांगले बोलले, तर कोकणातल्या दहा सभांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

दुसरी, जैतापूरची. विजेचा दर, करारातल्या अटी, उशीर झाल्यास दंड कुणाला, हे सगळे जाहीर झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. आणि समजा ते जाहीर झाले, तर प्रकल्पाचा अहवाल मराठीत, पुरता, सुनावणीच्या निदान तीन महिने आधी माडबनपासून साखरी नाट्यापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीत पोहोचवा. त्यानंतर ग्रामसभांचे मत घ्या आणि ते बंधनकारक माना. ‘नाही’ आले तर ईपीआरचा हट्ट सोडा.

तिसरी, वेगाची. स्वदेशी ७०० मेगावॅटचा एकच आराखडा, एकामागून एक, न थांबता बांधा. आजवर ज्या केंद्रांभोवती लोक, रस्ते आणि प्रशिक्षित हात तयार आहेत, तिथे आधी. निवृत्त होणाऱ्या कोळसा केंद्रांच्या जागांचाही विचार व्हावा. तिथे पाणी, वीजवाहिन्या आणि काम मागणारे कुशल कामगार आहेत. दाट वस्ती, भूकंप, पाण्याची उपलब्धता यांच्या कसोटीवर काही जागा बाद ठरतील. कोणत्या आणि का, तेही सांगा.

चौथी, माहितीची. प्रत्येक केंद्राभोवतीचा किरणोत्सार, समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तापमान आणि प्रत्येक बिघाडाची नोंद दर महिन्याला स्थानिक भाषेत जाहीर करा. मोजणीचे काम जवळच्या महाविद्यालयांकडे द्या. नियामक मंडळात अणुऊर्जा खात्यातून निवृत्त झालेल्यांखेरीज इतर शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि मत्स्यतज्ज्ञ बसवा.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: प्रत्येक नव्या अणुसंचासोबत कोळशाचा कोणता संच कधी बंद होणार, ते ऊर्जा मंत्रालयाला बरोबर घेऊन नावानिशी सांगा. तशी यादी नसेल, तर अणुवीज कोळशाच्या जागी न येता त्याच्या वर चढेल आणि हवामानाला त्याचा काही उपयोग होणार नाही. चंद्रपूरच्या माणसाला ‘हा संच अमुक सालापासून थंड, तुमच्या मुलाला तिथेच नवे काम’ असे सांगता आले, तर अणुऊर्जेची बाजू मांडायला तो स्वतः उभा राहील.

भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. युरोपने आयात पोलादावर कार्बनचा आकार लावायला सुरुवात केली आहे, त्याची झळ आपल्या कारखान्यांना बसू लागेल. घाई करायलाच हवी, यात माझे दुमत नाही. पण ज्यांना घाई आहे त्यांनी जैतापूरकडे पाहावे. सुनावणी नीट झाली असती, दर सांगितला असता, नाट्याच्या मच्छीमाराला बरोबर घेतले असते, तर फार तर दोन-तीन वर्षे गेली असती. ती वाचवायला निघालेल्यांनी पंधरा वर्षे घालवली. उघड कारभार हाच इथला जवळचा रस्ता आहे.

या पाचही मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. आपल्या सहीने बहुतेक गोष्टी उद्या सुरू होऊ शकतात. तारापूरच्या लोकांबरोबरची बैठक त्यांतली पहिली असावी. तिची तारीख जाहीर करा. अणुऊर्जेच्या बाजूने बोलणारे आम्ही लोकही तिथे येऊ, लोकांच्या रांगेत बसू आणि त्यांचे म्हणणे ऐकू.

उत्तराची वाट पाहत,

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक वीजग्राहक